'मीसळ' लिहिली की लोक धावून येतात!

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका 26 वर्षांच्या तरुणीने लिहिलं आहे. बी.कॉम. झाल्यावर ती छोट्या व्यावसायिकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजेस सांभाळते. सध्या तिच्याकडे गंगापूर रोडच्या अंगाचं एक मिसळीचं ठिकाण, साड्यांचं एक दुकान आणि चष्म्याचं एक दुकान आहे. मध्यंतरी घाईत एका रीलवर 'मीसळ' असं लिहिलं गेलं आणि एरवी चार-पाच कमेंट यायच्या तिथे रांग लागली. मालक खूश. 'दर रविवारी एक चूक टाकत जा,' म्हणाले. तेव्हापासून 'चमचमित', 'झनझनीत', 'रवीवार' असं सुरू आहे. तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाई दर वेळी खासगीत निरोप पाठवतात: 'मि ऱ्हस्व गं बाळा. बदलून टाक, लोक हसतील.' चूक मुद्दाम केलेली आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि हिला सांगवत नाही. आता मालकांना 'लोनचं-पानी फ्री' असं काहीतरी 'गावरान' हवं आहे. तिचा प्रश्न असा: भाषा बदलतच असते, मग शुद्धलेखनाचं एवढं स्तोम कशाला? यात खरंच कुणाचं काही बिघडतं का, की मीच उगाच मनाला लावून घेते आहे?

'ताई' म्हणून पत्र लिहिलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

आधी भाषा बदलण्याचं बघू, कारण तो मुद्दा बराचसा खरा आहे. शुद्धलेखन ही काही देवाघरून आलेली गोष्ट नाही. आज ज्याला आपण बरोबर म्हणतो ते नियम अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये ठरवले. तेव्हा ते 14 होते, 1972 मध्ये आणखी 4 आले, असे आज 18 आहेत. त्याआधी छापलेलं एखादं पुस्तक सार्वजनिक वाचनालयात जाऊन उघडून बघ. 'नाहीं', 'कांहीं', 'गांव', पानभर अनुस्वार सांडलेले दिसतील. त्या काळी ते बरोबर होतं, आज तसंच्या तसं लिहिलंस तर तुझ्या बाई लाल पेनाने गोल करतील. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायची रीतच नव्हती. पेशव्यांचं दफ्तर त्या मोडीतच चाललं, आणि राज्य गेलं ते काही वेलांटीपायी गेलं नाही. म्हणून एखाद्या गाडीवर कुणी न कळून 'मीसळ' लिहिली असेल तर त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही.

पण हा मुद्दा तुझ्या मदतीला येत नाही गं. तुझे मालक भाषा बदलायला निघालेले नाहीत. त्यांना 'मिसळ' हेच बरोबर राहायला हवं आहे, आणि लोकांना ते ठाम माहीत असायला हवं आहे. उद्या सगळ्या महाराष्ट्राने 'मीसळ' मान्य केली तर परवापासून तुमच्या कमेंट बंद. नियमावर लोकांचा जीव आहे, म्हणून ही युक्ती चालते. त्यामुळे 'शुद्धलेखनाचं स्तोम कशाला' असं त्या स्तोमावरच पोट भरणाऱ्याने विचारावं, हे जरा गमतीचं आहे.

आता ती रांग. ती चुकीमुळे लागली असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, चूक दुरुस्त करता येते म्हणून लागली. लोकांना मिसळीबद्दल बोलायला फारसं काही नसतं, 'वा', 'मस्त', एक जिभल्या चाटणारा चेहरा, संपलं. चूक दिसली की मात्र प्रत्येकाला हातात काम मिळतं. इंटरनेटवर यावर एक जुनं निरीक्षण आहे: बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. विकीची कल्पना काढणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावाने ते ओळखलं जातं. तुमच्या पेजवर तेच चाललं आहे. कमेंटवाल्यांना बरोबर उत्तर द्यायचं आहे. भूक लागलेली नाही.

ते कोण आहेत हे एकदा बघच. शेवटच्या दोन-तीन रविवारच्या कमेंट उघड आणि नावांवर टिचकी मारत जा. कोण रत्नागिरीचं, कोण टोरांटोचं, कोण नुसता शुद्धलेखनाच्या पोस्ट शोधत फिरणारा. यातले किती जण पुढच्या रविवारी सोमेश्वरच्या रस्त्याने येऊन तुमच्या बाकावर बसतील? गूगल मॅपवर ठिकाणाची नोंद असेल तर किती जणांनी रस्ता शोधला, किती जणांनी फोन लावला हे मालकांना त्यांच्या खात्यातून दिसतं. इन्स्टाग्रामवर किती जणांनी पोस्ट सेव्ह केली, कितींनी दुसऱ्याला पाठवली तेही दिसतं. 'चल ना रविवारी' म्हणून मैत्रिणीला पाठवलेली एक रील मला 'मि ऱ्हस्व हवा' असं सांगणाऱ्या शंभर कमेंटपेक्षा जास्त मोलाची वाटते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्याने महिनाभर प्रत्येक टेबलाला विचारायचं, 'आमचं कुठून कळलं?' आणि वहीत रेघ मारायची. मालकांना ग्राफपेक्षा वहीतल्या रेघा पटतात.

चुकांचा आणखी एक उपयोग आहे, तोही ऐकून ठेव. फसवणुकीच्या मेलमध्ये इतक्या ढोबळ गोष्टी का असतात यावर मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉरमॅक हर्ली यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचा तर्क असा की शहाण्या माणसाने पहिल्या ओळीलाच मेल बंद करावा हेच त्या ठगाला हवं असतं. जो तरीही उत्तर देतो तोच त्याच्या कामाचा. म्हणजे ढोबळपणा ही चाळणी आहे. त्यांच्या चाळणीत भोळे उरतात, तुमच्या चाळणीत शुद्धलेखनवाले उरतात. मिसळ खाणारा दोन्हीकडून गळतो!

आता तुझ्या मनात खुपतं आहे त्या गोष्टीकडे येते. तू उगाच मनाला लावून घेत नाहीस. बाईंचा निरोप पुन्हा वाच. 'लोक हसतील,' असं त्या म्हणतात. त्यांना व्याकरणाची नाही, तुझी काळजी आहे. चारचौघांत नको म्हणून खासगीत लिहितात. कमेंटमध्ये उपहास करणारे असतील, त्यांचं मी काही मनावर घेणार नाही, त्यांना त्यांची मजा मिळाली. पण त्या गर्दीत बाईंसारखे बरेच असतात. ते आपुलकीने थांबतात, टाइप करतात, आणि तुमच्याकडे त्यांचा आकडा होतो. कुणाचं काही बिघडतं का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. फार मोठं नाही बिघडत, पण बिघडतं ते नेमकं या माणसांचं. आणि ही माणसं दोन-तीनदा फसली की पुढे खरी चूकही सांगत नाहीत.

याचा अर्थ अक्षरांशी खेळूच नये का? अजिबात नाही. मराठी माणसाला कोटी केल्याशिवाय जेवण जात नाही. फरक लपवण्याचा आहे. तू रोज आनंदवल्लीवरून जात असशील. आनंदीबाईंच्या नावावरून त्या गावाला ते नाव पडलं असं सांगतात. त्याच आनंदीबाईंवर एका अक्षराचा आळ आहे: 'धरावे'चं 'मारावे' केलं आणि 1773 मध्ये नारायणराव पेशवे मारले गेले. आख्यायिकाच ती. पण तिच्यात अक्षर बदलल्याचं वाचणाऱ्याला कळता कामा नये, तोच तर कट होता. (मिसळीवरचा नव्हे.) कोटीत नेमकं उलटं असतं. अक्षर बदललं आहे, मुद्दाम बदललं आहे आणि का बदललं आहे, हे वाचणाऱ्याला त्याच क्षणी कळलं पाहिजे. अमूलच्या होर्डिंगवरची मुलगी 1960 च्या दशकापासून अक्षरं फिरवते आहे, पण 'अहो, स्पेलिंग चुकलं' असं तिला सांगायला कुणी जात नाही.

तुझ्याच तीन गिऱ्हाइकांवर करून बघू.

मिसळीसाठी: 'पाऊस आहे. तर्री या.' बस, एवढंच. शुद्धलेखनाच्या हिशेबाने ही चूकच आहे, 'तरी'च्या जागी 'तर्री' पडली आहे. पण दुरुस्त करायला कुणी येणार नाही, कारण दुरुस्त केलं तर गंमत जाते. शिवाय ओळीत पदार्थ आहे, हवा आहे आणि बोलावणंही आहे. 'मीसळ'मध्ये यातलं काय आहे? 'तर्री' तेवढी लाल रंगात कर, म्हणजे ज्याच्या नजरेतून निसटेल त्यालाही कळेल. अवतरणचिन्हं घालू नकोस आणि शेवटी हसरा चेहरा टाकून समजावूनही सांगू नकोस. सांगावी लागली तर ती कोटी टाकूनच दे.

साड्यांच्या दुकानाला तर अक्षर बदलायचीही गरज नाही. येवल्याची पैठणी विकतात का ते? मग पदरावरच्या मोराचा फोटो आणि खाली 'मोर पदरात पाडून घ्या.' मराठीतले अर्धे वाक्प्रचार कापडावर आणि ताटावरच बेतलेले आहेत, ते फक्त त्यांच्या मूळ जागी नेऊन ठेवायचे. पुढेमागे एखादा द्राक्षबागवाला गिऱ्हाईक म्हणून मिळाला (नाशकात राहून न मिळाला तर नवल) तर त्याच्यासाठी आत्ताच लिहून ठेव: 'गोड आहेत. कोल्ह्याला सांगू नका.'

आणि चष्म्याचं दुकान! तिथे मात्र तू बिनधास्त चुका कर. पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरात एकच ओळ:

'या ओळित तिन चूका आहेत.'

खाली बारीक अक्षरात: 'दिसल्या नाहीत तर दुकानात या.' ओळीत, तीन, चुका, तिन्ही शब्द चुकवले आहेत आणि तसं स्पष्ट सांगितलंही आहे. लोक कमेंटमध्ये त्या शोधतील, आपसांत भांडतील, एखादा चौथीही काढेल. मालकांना जी रांग हवी होती ती लागेल, आणि कुणी फसलेलं नसेल. गंमत म्हणजे ही जाहिरात बाईंना आवडेल.

पारखायला एक सोपी रीत आहे, ती तुझ्यासारखं काम करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल. ओळ मोठ्याने वाच. 'मीसळ' आणि 'मिसळ' आपल्या तोंडात जवळपास सारखेच, म्हणजे ऐकणाऱ्याला काहीच मिळालं नाही. 'तर्री या' ऐकून माणूस हसतो. (चष्म्याची ओळ या परीक्षेत नापास होते, पण ती डोळ्यांच्या दुकानाची आहे, तिला माफ.)

'लोनचं-पानी'बद्दल मात्र मी गुळमुळीत बोलणार नाही. ते लिहू नकोस. रविवारी तुमच्याकडे जेलरोड-सिडकोतून लोक येतात तसे सटाण्या-कळवणहूनही येतात. बागलाणात अहिराणी बोलतात, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत 'ण' आणि 'न' यांच्यात शाळेतल्यासारखी भिंत नाही. ती त्यांच्या आईची बोली आहे, आणि तुमच्या पोस्टमध्ये ती 'चूक' म्हणून, हसण्यासाठी येणार. टेबलावर बसलेला माणूस पैसे देऊन मिसळ खातो आणि भिंतीवर त्याच्याच बोलण्याची नक्कल लटकलेली, हे बरं दिसत नाही. गावरानच हवं असेल तर अहिराणी बोलणाऱ्या कुणाकडून एक अख्खी, नीट ओळ लिहून घे. 'मिसळ भारी शे' असं ताठ मानेने लिहिलं तर बागलाणातलं पोरगं ते स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकेल. ते गिऱ्हाईक खरं.

काही जागा अशा आहेत की तिथे ना कोटी, ना चूक: दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, भाव आणि पैसे पाठवायचा क्रमांक. 'मिसळ' शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला हवेत, म्हणून कॅप्शनमध्ये तो शब्द बरोबरच हवा, खेळ चित्रावर कर. पैशांच्या निरोपात वेडंवाकडं लिहिलेलं दिसलं की ते ठगाचं समजावं असं बँका सतत सांगत असतात, आणि सुज्ञ माणूस तसंच समजतो. लिंक पाठवून आगाऊ बुकिंग घेत असाल तर तिथे एक वेलांटीही इकडची तिकडे नको. भावात 'चुकून' एक शून्य कमी टाकायची कल्पना मालकांना सुचायच्या आत सांगून ठेव, ती गंमत राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. उद्या एखादा क्लास, दवाखाना किंवा पतसंस्था तुझ्याकडे आली तर त्यांच्यासाठी चुकांचा खेळ अगदी चष्म्यासारखा उघडउघडही नको. ज्यांच्याकडे माणूस विश्वासाने जातो त्यांची पाटी सरळच बरी.

खरी चूक तर होणारच. कॅप्शन नंतर बदलता येतं, व्हिडिओवर छापलेलं अक्षर बदलत नाही. म्हणून रील टाकण्याआधी निदान चित्रावरचे शब्द दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे. आणि कुणी चूक दाखवली तर 'धन्यवाद, बदललं' एवढं लिही आणि खरंच बदल.

ही आमिषाची शर्यत जिंकता येत नाही, हेही मालकांच्या कानावर घाल. 'लाइक करा, कमेंट करा, पाच जणांना टॅग करा' अशी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार असं फेसबुकने डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केलं होतं. मुद्दामची वेलांटी यंत्राला आज ओळखता येत नसेल, पण माणसाला तिसऱ्या रविवारी ओळखता येते. मग एखादा लिहितो, 'हे मुद्दाम करतात', आणि त्यावर सगळ्यात जास्त लाइक पडतात. तुम्ही 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा फोटो टाकून मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छाही देत असालच. नाशकात राहून तो दिवस कोण चुकवेल? त्या पोस्टखाली लोक काय लिहितील याची कल्पना कर.

बाईंना दोन ओळी पाठव. 'बाई, ती चूक नव्हती, मालकांनी मुद्दाम टाकायला सांगितली होती. आता बंद करते आहे.' लांबण लावू नकोस, माफीचं पत्र लिहू नकोस. त्या एखादा दिवस गप्प बसतील, मग बहुधा विचारतील की बंद करून आता काय टाकणार. तेव्हा 'तर्री'ची ओळ पाठव.

मालकांशी बोलताना शुद्धलेखन हा शब्दच काढू नकोस, त्यांना वाटेल बाईंनी शिकवून पाठवलं. धंद्याचं बोल. 'दादा, कमेंट येतात, टेबलं भरत नाहीत. एक महिना माझ्या पद्धतीने करू, गल्ल्यावर वही ठेवू.' महिन्यानंतर वहीतल्या रेघा वाढल्या नाहीत तर काय, असं ते विचारतील. तेव्हा सांग की चुका परत आणायला एक मिनिट लागतं. परत आणायला सांगितलंच त्यांनी, तर ते एक काम सोडायचं की नाही हे तुला ठरवावं लागेल. तीन गिऱ्हाइकांतलं एक सोडणं तुला परवडेल का ते मला माहीत नाही, त्यामुळे लांबून फुकटचा बाणेदारपणा मी सुचवणार नाही. पण 'लोनचं-पानी' लिहायची वेळ आली तर मात्र सोड.

आणि पैशांचं. चूक करायला वेळ लागत नाही, कोटी सुचायला लागतो. महिन्याच्या ठरलेल्या रकमेत ती फुकट घुसवू नकोस, तिचे वेगळे लाव. हे बोलणं रविवारी सकाळी गर्दीत करू नकोस. मंगळवारी दुपारी ठिकाण निवांत असतं, तेव्हा चार ओळी कागदावर लिहून घेऊन जा आणि त्यातली एक त्यांना निवडू दे.